सात हजार एकशे शहाण्णव रुपये सदुसष्ट पैसे

मॅकिनन मॅकेन्झी ही १८४७ साली कलकत्त्यात स्कॉटिश व्यापाऱ्यांनी उभी केलेली पेढी. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींची सगळी व्यवस्था तिच्या हाती असे, आणि मुंबईत गोदीच्या अंगाला, बॅलार्ड इस्टेटमध्ये तिचं ठाणं होतं. गोरे साहेब गेले, पण कचेरीची बसलेली घडी मोडली नाही. आत केबिनमध्ये वरिष्ठ अधिकारी, बाहेर कारकुनांच्या रांगा, आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. हे पदाचं कागदोपत्री नाव होतं. पुरुष स्टेनोग्राफरही कंपनीत होते. त्यांच्या पदामागे कुठलं बिरूद नव्हतं. त्यांचा पगार मात्र जास्त होता.

फोर्टातल्या बहुतेक जुन्या कंपन्यांचं चित्र थोड्याफार फरकानं असंच होतं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या गोवेकर, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन, पारशी मुली आधी या खुर्च्यांवर आल्या. गिरगाव-दादरच्या मराठी मुली टायपिंग-शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन मागाहून आल्या. साहेबाची पत्रं, त्याच्या भेटीगाठी, त्याची गुपितं, सगळं यांच्या वहीत पिटमनच्या शॉर्टहँडच्या रेघोट्यांत उतरलेलं असे. नोकरी मानाची, पंख्याखालची. तिच्याबद्दल तक्रार करायची असते ही कल्पनाच नवी होती, आणि केलीच तर ती कुणाकडे करायची हेही ठरलेलं नव्हतं.

तोवर एखादी वाट होती ती युनियनमार्फत औद्योगिक न्यायाधिकरणाची. तिच्यावरून चालत गेलेली एक लढाई सांगण्यासारखी आहे. इंटरनॅशनल फ्रँचायझीज नावाच्या औषध कंपनीत एका खात्यातल्या स्त्री कामगारांना नियम होता: लग्न झालं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियननं तो नियम रद्द करून मागितला. न्यायाधिकरणानं कंपनीची बाजू घेतली. कंपनीचं म्हणणं, या खात्यात काम गटानं चालतं, एकजण गैरहजर राहिली तर सगळ्यांचं अडतं, आणि विवाहित बाया जास्त दांड्या मारतात. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं हे साफ झटकून टाकलं. विवाहिता अविवाहितेपेक्षा किंवा विधवेपेक्षा जास्त गैरहजर राहते याला पुरावा काय? फरक असलाच तर बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी चार माणसं राखीव ठेवता येतात. नियम गेला.

पण हा प्रश्न सुटला तो युनियनचा वाद म्हणून. एकटी बाई, पाठीशी संघटना नसताना, ‘माझ्या शेजारच्या पुरुषाला माझ्यापेक्षा जास्त पगार का’ असं विचारायला उभी राहू शकेल अशी जागा कायद्यात अजून नव्हती. राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन ही गोष्ट लिहिलेली होती, पण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. ती घेऊन कोर्टात जाता येत नव्हतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९५१ साली समान वेतनाचा करार केला, भारतानं १९५८ साली त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली, आणि मग सतरा वर्षं त्याबाबत कायदा म्हणून काहीच झालं नाही.

झालं ते भलत्याच मुहूर्तावर. फुलरेणू गुहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल १९७४च्या अखेरीस पुरा केला. समितीच्या सदस्य-सचिव होत्या वीणा मजुमदार. स्वातंत्र्यानंतरच्या पाव शतकात बायकांचं रोजगारातलं स्थान सुधारायच्या ऐवजी आकसलंय, हे त्या अहवालानं दिल्लीला ऐकवलं. पुढचं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलं. काहीतरी करून दाखवणं भाग होतं. २६ सप्टेंबर १९७५ला राष्ट्रपतींनी समान वेतनाचा वटहुकूम काढला, आणि १९७६च्या फेब्रुवारीत त्याचा कायदा झाला. वटहुकूम निघाला तेव्हा आणीबाणी लागून तीन महिने झाले होते. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचं दार ठोठावण्याची मुभा काढून घेणाऱ्या सरकारनंच स्त्री कामगारांसाठी तक्रारीचं एक नवं दार उघडलं, ही विसंगती त्या काळात फारशी कुणी बोलून दाखवली नाही. बोलून दाखवायची सोयही नव्हती.

कायदा छोटा होता, पण त्याची बांधणी विचारपूर्वक केलेली होती. ‘समान काम’ याच्या जोडीला ‘समान स्वरूपाचं काम’ असा शब्दप्रयोग घातला, आणि त्याचा अर्थही कायद्यातच दिला: सारख्या परिस्थितीत केलेलं, सारखं कौशल्य, सारखे कष्ट आणि सारखी जबाबदारी लागणारं काम, काही फरक असलाच तर व्यवहारात त्याला महत्त्व नसावं. पगार सारखे करताना मालकानं पुरुषाचा पगार खाली आणायचा नाही, हेही लिहून ठेवलं. नोंदवह्या ठेवणं मालकावर बंधनकारक केलं आणि त्या तपासायला निरीक्षक नेमण्याची तरतूद केली. तक्रार ऐकायला कामगार अधिकाऱ्यापेक्षा कमी हुद्द्याचा नसलेला एक ‘प्राधिकारी’ नेमायचा. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार. दोन कामं समान स्वरूपाची आहेत की नाहीत याचा निवाडा त्यानंच करायचा. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. वकिलाची सक्ती नाही, युनियनच्या शिफारसपत्राची गरज नाही.

आणि तिसरं कलम. कुठलाही निवाडा, करार किंवा नोकरीच्या अटी या कायद्याच्या विरोधात जात असतील तर हा कायदा वरचढ ठरेल, असं ते कलम म्हणतं. असं एखादं वाक्य बहुतेक कायद्यांत असतंच, आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. पुढे सांगणार आहे त्या खटल्यात सगळी भिस्त त्याच्यावरच येऊन ठेपली.

ऑड्री डिकोस्टा मॅकिनन मॅकेन्झीत कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर होत्या. १३ जून १९७७ रोजी कंपनीनं त्यांची सेवा संपुष्टात आणली. त्यानंतर त्यांनी प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. नोकरी गेली याबद्दलचा तो नव्हता. कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे २६ ऑक्टोबर १९७६पासून, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, तेवढीच वर्षं सेवा झालेल्या पुरुष स्टेनोग्राफरला जे मिळत होतं आणि त्यांना जे मिळालं त्यातला फरक त्यांनी मागितला. साडेसात महिन्यांहून थोडा जास्त काळ. रक्कम सात हजार एकशे शहाण्णव रुपये आणि सदुसष्ट पैसे. महिन्याकाठी साधारण साडेनऊशे रुपये पडतात. १९७७ सालच्या मुंबईत एवढ्यात एक कुटुंब महिना काढत असे. म्हणजे चहापाण्याच्या फरकाची ही गोष्ट नव्हती.

अर्ज नोकरी गेल्यावर आला, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. साहेबाच्या केबिनबाहेर बसून साहेबाच्या कंपनीविरुद्ध कामगार कचेरीत जाणं सोपं नसतं. कायद्यानं दार उघडलं तरी त्यातून आत जायला बहुधा आधी नोकरीतून बाहेर पडावं लागतं. आजही तक्रारींची गत फार वेगळी नाही.

कंपनीनं तीन पायऱ्यांचा बचाव उभा केला. पहिली: आमच्याकडे पुरुष आणि स्त्री स्टेनोग्राफरची वेतनश्रेणी एकच आहे, भेदभाव कुठला? दुसरी: शिवाय या बायकांचं काम वेगळं आहे, त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गोपनीय कामावर आहेत, पुरुष सर्वसाधारण कामावर. (गोपनीय, वरिष्ठांचं, विश्वासाचं काम म्हणून पगार कमी, हा तर्क ऐकताना समोरच्यानं चेहरा कसा ठेवला असेल कोण जाणे.) तिसरी आणि खरी पायरी: १९७५ साली युनियनबरोबर पगाराचा करार झालेला आहे, त्याप्रमाणेच सगळं चाललंय.

करार खरा होता आणि श्रेणीही खरोखर एक होती. गोम होती ती त्या श्रेणीत कुणाला कुठे बसवायचं यात, कचेरीच्या भाषेत ‘फिटमेंट’मध्ये. जुन्या पगारावरून नव्या श्रेणीत आणताना पुरुषांना एका हिशेबानं वर बसवलं आणि लेडी स्टेनोग्राफरना दुसऱ्या हिशेबानं खाली. शिडी एकच, पण चढायला सुरुवात वेगवेगळ्या पायरीवरून. कागद बघणाऱ्याला श्रेणी एक दिसते. फरक दिसतो तो पगाराच्या दिवशी. आणि या करारावर सही मालकाची एकट्याची नव्हती, कामगारांच्या युनियनचीही होती. कारकुनांच्या युनियनमध्ये बायकांचा आवाज किती असे, हे ज्यांनी त्या काळातल्या युनियनच्या सभा पाहिल्यात त्यांना सांगायला नको.

प्राधिकाऱ्याचा निकाल विचित्र होता. त्यानं मान्य केलं की पुरुष आणि स्त्री स्टेनोग्राफर एकाच प्रकारचं काम करतात. म्हणजे दुसरी पायरी कोसळली. पण पगार कमी आहे तो करारामुळे, त्या स्त्री आहेत म्हणून नाही, असं म्हणून त्यानं अर्ज फेटाळला. प्रश्नाचं उत्तर बरोबर देऊन गुण शून्य. तिसरं कलम पुस्तकात होतंच. ते त्याला दिसलं नाही की पटलं नाही, कळायला मार्ग नाही.

डिकोस्टांनी अपील केलं. त्याचा निकाल लागण्याआधी, १९८१ साली २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्याच आणखी एका कचेरीबद्दलचा निकाल दिला. हा निकाल सोबत ठेवून पाहिल्याशिवाय डिकोस्टांच्या लढाईचं वजन कळत नाही.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना त्या काळी वयाच्या पस्तिशीत निवृत्त व्हावं लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच. आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी तेव्हाच. यातलं जे आधी घडेल ते. मुदतवाढ हवी तर ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना वाढणारे पुरुष फ्लाइट पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं आपल्याकडे घेतलं. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या निकालात गरोदरपणाची अट रद्द झाली, तीही कडक शब्दांत, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हणून. संचालकांची मनमानी मर्जीही गेली. पण लग्नाची चार वर्षांची अट टिकली. आणि मुख्य प्रश्नावर, म्हणजे बायकांना लवकर घरी पाठवणं हा भेदभाव आहे की नाही यावर, न्यायालय म्हणालं की नाही. कारण हवाई सुंदरी आणि पर्सर हे दोन निराळे संवर्ग; भरतीची पात्रता निराळी, बढतीची वाट निराळी, सेवेच्या अटी निराळ्या. समान वेतन कायद्याचं काय, तर केंद्र सरकारनं जून १९७९मध्येच अधिसूचना काढून जाहीर केलं होतं की या दोन पदांमधला फरक सेवाशर्तींमुळे आहे, लिंगामुळे नाही. सरकारी कंपनीला सरकारनंच दिलेलं प्रमाणपत्र, आणि न्यायालयानं ते आधाराला घेतलं.

ज्या निराळेपणाचा पुरावा म्हणून संवर्गाकडे बोट दाखवलं गेलं, तो संवर्ग कंपनीनंच निराळा काढलेला होता. बायकांना एका रांगेत उभं करायचं, त्या रांगेला वेगळं नाव द्यायचं, आणि मग नाव वेगळं म्हणून नियम वेगळे. ही युक्ती चालली तर समान वेतनाचा कुठलाही दावा टिकणार नाही. मॅकिनन मॅकेन्झीच्या वकिलांनाही हेच म्हणायचं होतं: आमच्या गोपनीय स्टेनोग्राफर सगळ्या स्त्रियाच आहेत, तिथे पुरुष नाहीच, मग तुलना कुणाशी?

पण कामगार कचेरीतल्या अपिलाच्या अधिकाऱ्यानं या वाटेनं जायचं नाकारलं. मुंबईचे कामगार उपायुक्त (अंमलबजावणी) हे त्या कायद्याखालचे अपिलीय प्राधिकारी. १९८२ साली त्यांनी ठरवलं की इथे पुरुष आणि स्त्री स्टेनोग्राफरमध्ये उघड भेदभाव झालेला आहे, कायद्याचा भंग झालेला आहे, आणि कंपनीनं सात हजार एकशे शहाण्णव रुपये सदुसष्ट पैसे द्यावेत. आपल्याकडच्या न्यायाच्या इतिहासात नावं उरतात ती सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची. या खटल्यात निर्णायक पाऊल उचललं ते खात्यातल्या एका उपायुक्तानं. पुढच्या तिन्ही न्यायालयीन पायऱ्यांवर त्याचाच निकाल कायम राहिला.

कंपनी रिट याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकसदस्य पीठानं ती फेटाळली. मग खंडपीठ. तिथेही हार. मग दिल्ली. एवढ्या रकमेसाठी एवढा खटाटोप का, असं वाटेल. पण एका स्टेनोग्राफरचा फरक दिला की बाकीच्यांचाही द्यावा लागणार, हे हिशेबनीसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

२६ मार्च १९८७ला न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरमय्या आणि एम. एम. दत्त यांच्या पीठानं निकाल दिला. काम समान स्वरूपाचं आहे की नाही हे तपासताना प्राधिकाऱ्यानं व्यापक नजर ठेवावी, बारीकसारीक फरकांवरून दावा मारू नये. समान स्वरूप म्हटलं की तपशिलात थोडा फरक असणारच. बघायचं ते माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे. कागदोपत्री त्याच्याकडून काय करून घेता आलं असतं हे नव्हे. पदाचं नाव, केबिनशी जवळीक, गोपनीयतेची पाटी, सगळं बाजूला सारून नजर टेबलावर गेली. तिथे वही तीच होती, टंकलेखनयंत्र तेच होतं.

इंग्लंडच्या न्यायाधिकरणांनी सत्तरच्या दशकात हीच रीत घालून दिली होती. तिथल्या एका कारखान्यात संचालकांच्या खोलीत दहा-वीस जणांचं जेवण रांधणारी एक स्वयंपाकीण होती आणि कामगारांच्या कँटीनमध्ये दिवसाला साडेतीनशे जेवणं काढणारे दोन सहायक आचारी. तिला पगार कमी. न्यायाधिकरणानं म्हटलं, ताटांची संख्या वेगळी असेल, रांधणं एकच आहे; आणि ती जिंकली.

कराराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं चटकन निकालात काढला: तिसरं कलम वाचा. युनियननं सही केली म्हणून कायद्याविरुद्धचा भेदभाव शुद्ध होत नाही. शेवटचा बचाव उरला होता पैशाचा. सगळ्यांना समान पगार देण्याची आमची ऐपत नाही, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयाचं उत्तर असं की समान वेतन मालकाच्या ऐपतीवर अवलंबून ठेवणारी तरतूद कायद्यात नाही. पैसे पुरत नाहीत म्हणून एका गटाला कमी द्यायची मुभा मिळत नाही. बायकांना अमुकच कामावर बसवून त्या कामाला कमी पगार ठरवायचा, म्हणजे पुरुषांच्या कामापासून त्यांना दूर ठेवायचं, या वाटेबद्दलही निकालात इशारा आहे. याचिका फेटाळली.

नोकरी संपल्यापासून निकालापर्यंत पावणेदहा वर्षं गेली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. तोवर पगार सोडला तर भेदभावाची मनाई भरतीपुरतीच होती. आता बढती, प्रशिक्षण, बदली अशा नोकरीतल्या अटींनाही ती लागू झाली. दंड वाढवले. एअर इंडियाच्या बायकांना मात्र तरीही पायरी पायरीनंच चढावं लागलं. १९८९मध्ये केंद्र सरकारनं निवृत्तीचं वय वाढवायचे आदेश दिले, पण हवेत उडण्याचं वय वेगळं ठेवलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा मान्य केलं की पन्नाशीनंतर हवाई सुंदरींना जमिनीवरच्या कामाला पाठवणं हा भेदभाव नाही. आणि विमानात पर्यवेक्षक म्हणून बायकांचा हुकूम पुरुषांनी पाळायचा की नाही, हा वाद तर २०११पर्यंत चालला. तो बायकांच्या बाजूनं सुटला.

समान वेतन कायदा आता स्वतंत्र कायदा म्हणून उरलेला नाही. २०१९च्या वेतन संहितेत तो सामावून घेतला गेला. टंकलेखनयंत्रं त्याच्या आधीच भंगारात गेली होती. मॅकिनन मॅकेन्झीचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात पुन्हा एकदा आलं ते २०१५ साली. १९९२मध्ये कंपनीनं ९८ कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी केलं होतं, आणि त्यांच्या युनियननं औद्योगिक न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयानं ती कपात बेकायदा ठरवली. या खेपेला निकाल लागायला साडेबावीस वर्षं लागली. त्या मानानं डिकोस्टांचं प्रकरण लवकर आटोपलं म्हणायचं.